पहिला आगाखान : रणात हरला, कोर्टात जिंकला

पुण्यात नगर रोडने खराडी-विमाननगरला ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येकाने आगाखान पॅलेस पाहिलेला असतो. निदान बसच्या खिडकीतून तरी. गांधीजी इथे १९४२ ते १९४४ स्थानबद्ध होते, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच वारले, त्यांच्या समाध्या आत आहेत, एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण वाड्याला ज्याचं नाव आहे तो आगाखान कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कुणीतरी नवाब असेल, झालं.

तर मंडळी, तो नवाब नव्हता. हा वाडा १८९२ मध्ये बांधला तिसऱ्या आगाखानाने. त्याचा आजोबा, म्हणजे पहिला आगाखान हसन अली शाह, हा इराणच्या शहाविरुद्ध शस्त्र उचललेला माणूस होता. चौदा महिने किल्ल्यात वेढा सोसला, तुरुंगात राहिला, पुन्हा बंड केलं, पुन्हा हरला, वाळवंट ओलांडून अफगाणिस्तानात पळाला, तिथून सिंध, मग मुंबई. आणि मुंबईत आयुष्यातली सर्वात मोठी लढाई जिंकला. तीही कोर्टात, एका इंग्रज न्यायाधीशासमोर!

आज 'शिया बंडखोर' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात येमेनचे हुथी. हुसेन अल-हुथी २००४ मध्ये मारला गेला, त्यानंतर त्याचा भाऊ अब्दुल मलिक पुढे आला, बातम्यांत ही नावं येत असतात. आपल्याला वाटतं, हे सगळं तिकडे लांब, वाळवंटात. पण अशाच एका बंडखोराची कबर मुंबईत माझगावला आहे, भायखळा स्टेशनापासून फार लांब नाही. म्हणून म्हटलं, या वीकेंडला त्याच्यावर लिहावं.

आधी थोडं बेसिक. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मी मूळचा महागावचा. यवतमाळ जिल्हा, नागपूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आमच्या भागात मोहरमला सवाऱ्या बसतात, मलिदा होतो, आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरंही असतात. हसन-हुसेनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण हे हुसेन कोण, शिया कोण आणि सुन्नी कोण, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प. तर गोष्ट अशी. पैगंबर इ. स. ६३२ मध्ये वारले. त्यांच्यानंतर नेता कोण? एका गटाचं म्हणणं, समाजाने निवडलेला खलिफा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, पैगंबरांचे जावई अली आणि त्यांचा वंश. हे दुसरे म्हणजे शिया. ६८० मध्ये करबल्याला अलींचा मुलगा हुसेन मारला गेला. मोहरम त्याच्या आठवणीचा.

शियांमध्ये अलींच्या वंशातला जो प्रमुख, तो इमाम. नमाज पढवणारा इमाम वेगळा बरं का. हा इमाम म्हणजे धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार जन्माने मिळालेला माणूस. आता असा अधिकार वंशाने आला की भांडण ठरलेलंच, कोणत्या मुलाकडे जाणार? ७६५ मध्ये इमाम जाफर अल-सादिक वारले आणि मोठी फाटाफूट झाली. एक गट धाकट्या मुसाच्या मागे गेला. ते पुढे 'बारा इमामवाले' झाले, आजच्या इराणचा अधिकृत पंथ हाच. दुसरा गट थोरल्या इस्माईलच्या वंशाला चिकटून राहिला. ते इस्माईली. त्यांच्यातही १०९४ मध्ये पुन्हा दोन फांद्या फुटल्या, निझारी आणि मुस्तअली. आपल्या गावोगावी हार्डवेअरचं दुकान चालवणारे दाऊदी बोहरी हे मुस्तअली फांदीचे, आणि आगाखानी खोजे हे निझारी फांदीचे. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या दोन ब्रँच, आणि मर्ज कधीच झालं नाही :)

निझारी म्हणजे तेच, ज्यांच्या हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये इराणच्या डोंगरात आलमूतचा किल्ला घेतला. कॉम्प्युटर गेममुळे 'असॅसिन' लोकांची नावं आपल्या पिढीला पाठ आहेत, ती दंतकथा यांच्याच शत्रूंनी रंगवलेली. १२५६ मध्ये मंगोलांनी आलमूत पाडलं. त्यानंतर निझारी इमाम शतकानुशतकं इराणात लपूनछपून, कधी सुफी पीर म्हणून राहिले.

थोडं विषयांतर, पण आपल्या मातीतलं आहे म्हणून सांगतो. याच निझारींच्या एका वेगळ्या शाखेचा इमाम शाह ताहिर १५२० मध्ये इराणच्या शहाच्या भीतीने पळाला, जहाजाने गोव्याला उतरला, विजापूरमार्गे पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी पोचला. १५३७ मध्ये बुऱ्हाणने शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला, तो याच्याच प्रभावाने. गंमत म्हणजे स्वतः इस्माईली इमाम असूनही ताहिरने तिथे उघडपणे पुरस्कार केला तो बारा इमामवाल्यांच्या पंथाचा. पुढे १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकलं आणि १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेलं. म्हणजे मधली वीसेक वर्षं आमच्याकडचा सारा शिया सुलतानाच्या खजिन्यात जात होता. तेव्हा इराणातून पळून दख्खनला येण्याची वाट हसन अली शाहने काही नव्याने पाडली नव्हती.

बरं, आता मूळ माणसाकडे.

हसन अली शाहचा जन्म १८०४ चा, इराणातल्या कहक गावचा. वडील शाह खलीलुल्लाह निझारींचे इमाम. हिंदुस्थानातले अनुयायी दसोंद, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, घेऊन इराणपर्यंत यायचे. त्यांना सोयीचं पडावं म्हणून वडील १८१५ च्या सुमारास यझदला राहायला गेले, कारण ते हिंदुस्थानच्या वाटेवर होतं. १८१७ मध्ये तिथे इमामाचे काही अनुयायी आणि बाजारातले दुकानदार यांच्यात भांडण लागलं. एका मुल्लाने जमाव भडकवला, जमावाने घरावर हल्ला केला आणि त्यात इमाम मारले गेले. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा.

पुढचं काम केलं ते त्याच्या आईने. ती मुलाला घेऊन थेट तेहरानला दरबारात गेली आणि शहाकडे न्याय मागितला. तेव्हाचा शहा फतेह अली काजार. गुन्हेगारांना फारशी कडक शिक्षा झाली नाही, पण शहाने मुलाला पदरात घेतलं. आपली एक मुलगी त्याला दिली, महल्लातची जमीन दिली, कुमचा कारभार दिला आणि 'आगाखान' हा किताब दिला. ज्या नावाने पुण्यातला वाडा ओळखला जातो, ते नाव मुळात इराणी दरबाराचा मान आहे.

१८३४ मध्ये फतेह अली शाह वारला आणि नातू मुहम्मद शाह गादीवर आला. १८३५ मध्ये नव्या शहाने आगाखानाला केरमान प्रांताचा सुभेदार नेमलं. हे काही बक्षीस नव्हतं. केरमानात बंडाळी माजली होती, ती मोडून काढायची होती. आगाखानाने स्वतःची माणसं, स्वतःचा पैसा घालून ते काम केलं. आणि काम झाल्यावर, १८३७ मध्ये, त्याला परत बोलावून जागेवर दुसरा माणूस पाठवला. प्रोजेक्ट आपण सावरायचा आणि क्रेडिट दुसऱ्याला, हे तेव्हाही होतंच म्हणायचं.

इथे त्याने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. भावांना आणि शिबंदीला घेऊन तो बमच्या किल्ल्यात शिरला. बमचा किल्ला म्हणजे कच्च्या विटांचं अख्खं गाव, जगातल्या अशा सर्वात मोठ्या बांधकामांपैकी एक. डिसेंबर २००३ च्या भूकंपात तो ढासळला, तेव्हा आपण पेपरात फोटो बघितले होते. शहाच्या फौजेने या किल्ल्याला चौदा महिने वेढा घातला. शेवटी सुरक्षिततेचं वचन घेऊन आगाखान बाहेर आला, तर वचन मोडून त्याला पकडलं, सामान लुटलं, आणि आठ महिने केरमानात कैदेत ठेवलं. मग माफी मिळाली, अट एकच : महल्लातला जाऊन गप्प बसायचं.

तो गप्प बसला नाही. कारणं काय? वजीर हाजी मिर्झा आगासीशी वैर होतं. याच वजिराच्या पदरच्या एका नव्याने वर आलेल्या माणसाने आपल्या मुलासाठी आगाखानाच्या मुलीला मागणी घातली, तो अपमान होता. केरमानात घातलेला पैसा बुडाला होता. शिवाय त्या काळात अफगाणिस्तानातल्या हेरातवरून इराण आणि इंग्रज यांच्यात जुंपली होती, त्यामुळे याच्या मागे इंग्रजांची फूस आहे असा इराणी दरबाराचा संशय. सप्टेंबर १८४० मध्ये 'मक्केच्या यात्रेला निघालो' असं कळवून तो महल्लातहून निघाला. बायकामुलांना इराककडे रवाना केलं आणि स्वतः घोडेस्वार घेऊन केरमानच्या दिशेने. सुभेदारीच्या नेमणुकीची बनावट पत्रं त्याच्याकडे होती असं इराणी दरबारी इतिहासकारांनी लिहिलंय. वर्षभर लढाया झाल्या. काही जिंकला, शेवटी हरला. १८४१ मध्ये लूतचं वाळवंट पार करून तो कंदाहारला पोचला.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या बंडात धर्माच्या घोषणा जवळजवळ नव्हत्या. नवा पंथ स्थापायचा नव्हता, शहाचा पंथ उलथवायचा नव्हता. सुभेदारी, मान आणि पैसा यांचं भांडण होतं. पण सैन्य कुठून आलं, पैसा कुठून आला? तो इमाम होता म्हणून. अनुयायांनी श्रद्धेने दिलेली दसोंद आणि श्रद्धेने दिलेले जीव यांच्यावर ही राजकीय लढाई चालली. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे मुंबईत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. श्रद्धेने दिलेला पैसा कुणाचा?

कंदाहारला तेव्हा इंग्रजांची फौज होती. पराभूत बंडखोर आणि परक्या देशात अडकलेलं साम्राज्य, दोघांनाही एकमेकांची गरज. आगाखानाने इंग्रजांना सांगितलं, हेरात मी घेतो, तुमच्या वतीने सांभाळतो. इंग्रजांचा काबूलमधला मुख्य अधिकारी मॅकनॉटन याच्याशी बोलणी सुरू होती, पण डिसेंबर १८४१ मध्ये मॅकनॉटन मारला गेला आणि जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून परतणारी इंग्रज फौज वाटेतच कापली गेली. बेत संपला. आगाखान सिंधमध्ये उतरला. तिथे चार्ल्स नेपियर सिंध गिळायच्या तयारीत होता, आणि फेब्रुवारी १८४३ मध्ये मियानीच्या लढाईनंतर त्याने ते गिळलंच. या सगळ्यात आगाखान आपल्या स्वारांसह इंग्रजांच्या बाजूने होता. बदल्यात वर्षाला २००० पौंडांचं पेन्शन मिळालं.

हे वाचून 'अरेच्चा, हा तर इंग्रजांचा माणूस' असं वाटेल. होताच. त्याला झाकून ठेवायचं काही कारण नाही. सिंधचे अमीर ज्या लढाईत बुडाले, त्यात हा जिंकणाऱ्यांच्या तंबूत होता. पण त्याच वेळी इराणातल्या गादीचा नाद त्याने सोडला नव्हता. भावांना बलुचिस्तानमार्गे पुन्हा इराणात लढायला पाठवलं. ते प्रयत्नही फसले.

१८४४ मध्ये सिंध सोडून कच्छ-काठियावाडमधून, वाटेत खोज्यांच्या वस्त्या बघत, तो १८४५-४६ च्या हिवाळ्यात मुंबईला आला. इराणच्या शहाने लगेच मागणी केली, आमचा गुन्हेगार परत द्या. इराण आणि ब्रिटन यांच्यात १८१४ चा तह होता, त्यामुळे इंग्रजांची पंचाईत. परत पाठवलं तर उपयोगाचा माणूस जातो, ठेवला तर तह मोडतो. मग मधला मार्ग म्हणून १८४७ मध्ये त्याला कलकत्त्याला हलवलं, इराणपासून आणखी लांब. १८४८ मध्ये मुहम्मद शाह वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान मुंबईला परतला आणि कायमचा मुंबईकर झाला.

आता खरी गोष्ट सुरू होते.

मुंबईतले खोजे म्हणजे मुख्यतः कच्छ-काठियावाडहून आलेले व्यापारी. परंपरा सांगते की काही शतकांपूर्वी पीर सद्रुद्दीन नावाच्या इस्माईली धर्मप्रचारकाने सिंध-गुजरातच्या लोहाणांना या पंथात आणलं. पण कसं आणलं? इथल्याच भाषेत, इथल्याच कल्पनांत. त्यांच्याकडे 'दशावतार' नावाची रचना होती, त्यात विष्णूचे नऊ अवतार येतात आणि दहावा अवतार म्हणजे अली! भजनांसारखी 'गिनान' गायची, प्रार्थनेसाठी जमातखान्यात जमायचं, जमातीचे कारभारी मुखी आणि कामडिया. नावं हिंदू वळणाची. लग्नं आणि मयत लावायला सुन्नी काझी. वारसा हक्क हिंदू रिवाजाने, म्हणजे मुलींना वाटा नाही. आणि दसोंद इराणच्या इमामाला.

तर हे लोक हिंदू? सुन्नी? शिया? त्यांना स्वतःला हा प्रश्न फारसा छळत नव्हता. शतकानुशतकं व्यवस्थित चाललं होतं. प्रश्न छळायला लागला तो दोन गोष्टींमुळे. एक, लांब इराणात राहणारा इमाम अचानक मुंबईत येऊन राहिला. दोन, वाद झाला तर जायला इंग्रजांचं कोर्ट होतं, आणि कोर्टाला प्रत्येक माणूस एका रकान्यात बसवायचा असतो. ड्रॉपडाउनमध्ये एकच पर्याय निवडता येतो, तसं.

पहिला खटका १८४७ चा. खोजा समाजातल्या मुलींनी बापाच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. आगाखानाने आपलं वजन मुलींच्या बाजूने टाकलं. समाजातले बहुसंख्य पुरुष अर्थातच विरुद्ध. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की हे मुसलमान असले तरी त्यांचा रिवाज वेगळा आहे, आणि रिवाज सिद्ध झालाय, तेव्हा मुलींना वाटा नाही. इमाम कोर्टात हरला, मुली हरल्या. हा रिवाज मोडायला १९३७ चा शरियत कायदा यावा लागला. म्हणजे नव्वद वर्षं! या सगळ्या कथेत जिंकण्या-हरण्याचा हिशेब मांडताना या मुलींना सहसा कुणी धरत नाही. मला वाटतं धरायला हवं.

दुसरा वाद पैशाचा. खोज्यांमधला एक श्रीमंत, शिकलेला गट, ज्याला 'बारभाई' म्हणत, हबीब इब्राहिम वगैरे मंडळी, त्यांनी अगदी १८२९-३० पासून दसोंद द्यायला नकार दिला होता. आपल्याकडे पेशवाईतलं नाना फडणवीसांचं बारभाईंचं कारस्थान प्रसिद्ध आहे, हे बारभाई वेगळे. यांचं म्हणणं साधं होतं : जमातखाना, दफनभूमी, निधी ही जमातीची मालमत्ता आहे. तिचा हिशेब द्या, मुखी-कामडिया दरवर्षी निवडून येऊ द्या, आणि इराणहून आलेल्या माणसाचा यावर काही हक्क नाही. वाद इतका चिघळला की १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात बारभाई गटातली चार माणसं मारली गेली. आगाखानाच्या बाजूच्या एकोणीस जणांवर खटला चालला आणि चौघांना फाशी झाली.

१८६१ मध्ये आगाखानाने एक कागद काढला. आम्ही शिया इमामी इस्माईली आहोत, लग्न-मयत आता त्याच पद्धतीने करू, असं मानणाऱ्यांनी सह्या करा. मुंबईतल्या बहुसंख्य खोज्यांनी सह्या केल्या. बारभाईंनी केल्या नाहीत, आणि पुढे ते जमातीबाहेर टाकले गेले. मग ते मुंबई हायकोर्टात गेले. हायकोर्ट तेव्हा नवं कोरं, १८६२ मध्ये स्थापन झालेलं.

हाच १८६६ चा प्रसिद्ध 'आगाखान खटला'. न्यायाधीश सर जोसेफ अरनॉल्ड. बारभाईंचा दावा असा : खोजे मुळात सुन्नी, पीर सद्रुद्दीनही सुन्नी, सबब शिया माणसाला त्यांच्या मालमत्तेवर अधिकार नाही. आगाखानातर्फे बॅरिस्टर हॉवर्ड. त्यांचं कोर्टातलं भाषण इतकं अभ्यासपूर्ण होतं की ते त्याच वर्षी पुस्तिका म्हणून छापलं गेलं. कित्येक आठवडे सुनावणी चालली. पैगंबरांनंतरची फाटाफूट, फातिमी खलिफा, आलमूत, मंगोल, सगळा इतिहास मुंबईच्या कोर्टात मांडला गेला. आणि निर्णायक पुराव्यांपैकी एक ठरला तो 'दशावतार'. न्यायमूर्तींचा तर्क असा : ज्या ग्रंथात दहावा अवतार अली आहे आणि जो ग्रंथ खोजे मरणाऱ्या माणसापाशीही वाचतात, तो ग्रंथ सुन्नींचा असूच शकत नाही. विष्णूचे अवतार सांगणाऱ्या रचनेवरून एक इंग्रज ख्रिश्चन ठरवतो की हे लोक शिया मुसलमान आहेत. अशी केस हिंदुस्थानाबाहेर कुठे उभी राहिली असती असं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर १८६६ ला निकाल लागला. दावा फेटाळला. खोजे हे शिया इमामी इस्माईली, आणि आगाखान हे त्यांचे वंशपरंपरागत इमाम, आलमूतच्या धन्यांचे वारस. आता विचार करा. यझद, बम, केरमान, कंदाहार, बलुचिस्तान, वर्षानुवर्षं तलवार चालवून जे मिळालं नाही, ते एका निकालपत्राने मिळालं. इराणात तो फरारी गुन्हेगार होता, मुंबईत कायद्याने मान्य झालेला इमाम. त्यानंतर त्याला इराणची सुभेदारी नको होती, आणि तिची गरजही उरली नव्हती.

त्याने १८६२ मध्येच, खटल्याच्या आधी, मुंबईत फारसीतून आत्मचरित्र छापलं होतं, 'इब्रत-अफ्जा' नावाचं. साधारण अर्थ, 'धडा शिकवणारी हकिकत'. उरलेलं आयुष्य मुंबई, पुणे आणि बंगळूर, घोड्यांचा षोक, रेसकोर्स. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईला आला तेव्हा त्याच्या घरी भेटायला गेला. एप्रिल १८८१ मध्ये आगाखान वारला आणि माझगावला हसनाबादमध्ये त्याचं दफन झालं. नंतर मुलगा आगा अली शाह आला, तो १८८५ मध्ये पुण्यात वारला. मग सात वर्षांचा नातू सुलतान मुहम्मद शाह, पुण्याच्या वाड्याचा मालक.

निकालाचे पडसाद मात्र थांबले नाहीत. बारभाईंपैकी अनेकजण सुन्नी खोजे म्हणून वेगळे झाले. पुढच्या काही दशकांत आणखी एक गट फुटून बारा इमामवाल्यांकडे गेला. ज्या समाजात हे सगळं एकत्र नांदत होतं, तो तीन स्वच्छ रकान्यांत वाटला गेला. आणि १९०८ मध्ये खुद्द आगाखान घराण्यातल्या हाजी बीबी कोर्टात गेल्या, की अनुयायांनी दिलेल्या संपत्तीत आम्हा नातेवाइकांचाही वाटा आहे. कोर्टाने सांगितलं, नाही, ती इमामाची. म्हणजे बारभाईंनी विचारलेल्या 'पैसा कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा तेच आलं.

आता प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडतो. बारभाई हरले, पण त्यांची मागणी चुकीची होती का? हिशेब द्या, पदाधिकारी निवडून द्या. आपण हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत हेच मागतो. त्यांची गडबड अशी की हिशेबाचा मुद्दा त्यांना धर्माच्या मुद्द्यावर लढावा लागला. 'आम्ही सभासद आहोत' एवढं कोर्टाला पुरलं नसतं, 'आम्ही सुन्नी आहोत' हे सिद्ध करणं भाग होतं. आणि ते खरं नव्हतं, म्हणून ते हरले.

दुसरी बाजूही तितकीच खरी. इमामाकडे आलेला पैसा पुढच्या पिढ्यांनी शाळा, दवाखाने, विद्यापीठं यांत घातला. चौथे आगाखान करीम यांनी १९६९ मध्ये पुण्याचा पॅलेस भारताला देऊन टाकला. त्यांनी उभं केलेलं विकासकामांचं जाळं आशिया-आफ्रिकेत पसरलं. ते ४ फेब्रुवारी २०२५ ला लिस्बनमध्ये वारले आणि मुलगा रहीम पन्नासावे इमाम झाले. पहिला आगाखान सेहेचाळिसावा. बंडखोराची गादी पाच पिढ्यांत जगातल्या मोठ्या दानसंस्थांपैकी एक झाली. पण हे इमामाच्या मनावर होतं. मिळालेली सत्ता चांगली वापरली गेली, म्हणून सत्ता कशी मिळाली हा प्रश्न संपत नाही.

मला या सगळ्यात बंडापेक्षा तो निकाल जास्त अस्वस्थ करतो. लढाईत कोण जिंकलं ते सगळ्यांना दिसतं. कोर्टाच्या एका वाक्याने 'तुम्ही कोण' हे ठरतं, तेव्हा आपल्यात काय बदललं ते कळायला दोन-तीन पिढ्या जातात. दशावतारात अली बघणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारलं, एकच काय ते सांग. त्याने सांगितलं. मग हळूहळू दुसरं काही सांगण्याची सवयच गेली. आमच्याकडे सवारीला नवस बोलणाऱ्या म्हातारीला अजून कुणी हा प्रश्न विचारलेला नाही. तिच्यासाठी तो विचारला जाऊ नये असं मला वाटतं.

असो. मुंबईला गेलात आणि वेळ असेल तर माझगावला हसनाबाद बघून या. आणि पुण्यातल्यांनी नगर रोडच्या सिग्नलला अडकलात की उजवी-डावीकडे बघताना एवढं आठवा, की वाड्यावरचं हे नाव एका इराणी शहाने बाप मारल्या गेलेल्या पोराला दिलं होतं, आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या शहाशी लढत ते नाव इथवर आलं.